मांगूर

हिवराजचं कार्ड लाल, माझं पिवळं.
भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
कागदावर एक गोल काढला, मग शेजारी
तोच गोल वाकवून विळा केला.
म्हणाल्या, रक्तातल्या पेशी अशा होतात,
अडकतात, मग दुखतं.
विळा मला माहीत होता.
दिवाळीनंतर धान कापायला जायचे मी आईसोबत.
भावाच्या अंगात कोणतं पीक उभं आहे
ते नव्हतं माहीत.

थंडी पडली की सुरू व्हायचं.
आधी गुडघे, मग पाठ, मग नुसता आवाज.
आई विटेचा तुकडा चुलीत तापवून
फडक्यात गुंडाळायची.
बाबा बोडीवरून यायचे,
शिंगाड्यांनी काळी पडलेली बोटं
पंचाला पुसत, खाटेच्या पायथ्याशी बसायचे.

"बोडी आटली," सुरू करायचे.
"तळ उघडा पडला. बगळे बी गेले उडून.
लोकं बोलले, संपलं आता.
पन मांगूर गाऱ्यात गेला होता."
"मेला?"
"मरते काहून? खाली गेला.
श्वास थोडा थोडा घेऊन रायला."
"मंग?"
"मंग पुढचं उद्या."

हिवराज उद्यासाठी थांबायचा.
दात आवळून, वाकळीचं टोक चावत,
पण थांबायचा.

पाळीवर शेंदराचा एक गोटा आहे.
आम्ही ढिवर तिला बोडीमाय म्हणतो.
आई रोज संध्याकाळी दिवा न्यायची.
त्या पौषात हिवराजला दोनदा रक्त चढवलं,
आणि परत आल्यावर दिवा बंद झाला.
आई बोलली काही नाही. वात वळली नाही, एवढंच.
तीन दिवस पाळीवर अंधार.
चौथ्या दिवशी बाबांनीच तेलाची वाटी घेतली,
मी मागे मागे.
वाऱ्याला पाठ देऊन काडी ओढत म्हणाले,
"तिले बी कोन हाये?
एकटीच बसून रायते थंडीची."
देवाचीही कीव करता येते
हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.
घरी आलो तर आई मांडीवर कापूस घेऊन बसलेली.

सकाळी बाबा छातीभर पाण्यात,
ट्यूबवर टोपली, वेलीखाली हात,
आणि ओठ हलताहेत.
मी पाळीवरून पाहायचे.
वाटायचं, मायचं नाव घेताहेत.
मग मीही तिथूनच हात जोडायचे,
दप्तर पाठीवर, शाळेची घंटा होईपर्यंत.

पुढे हिवराज साकोलीला मोबाइलच्या दुकानात लागला.
रोजची गोळी, थंडीत स्वेटरवर स्वेटर.
दुखणं येतं, जातं, पुन्हा येतं.
एकदा मी बाबांना विचारलं,
पाण्यात तुम्ही जप कोणता करायचे?
ते हसले.
"जप कायचा वो!
मले गोष्ट येतच नव्हती.
मांगूर गाऱ्यात गेला, एथवरच आयकली होती.
पुढचं पान्यात जुळवो रोज.
रातच्याले पोट्टा विचारन ना, मंग?"
जाळ्याची गाठ दातानं ओढली, आणि जरा वेळानं,
"नाई जुळलं, त मायले म्हनो,
तूच सांग आता."

परवा हिवराजकडे गेले होते.
लाइन गेली होती, पोरगी त्याच्या कुशीत.
पाच वर्षांची. तिचंही कार्ड पिवळं, माझ्यासारखं.
तो सांगत होता, "बोडी आटली.
पन मरळ गाऱ्यात गेली होती."
"मरळ नाही," मी म्हटलं, "मांगूर."
"मरळच होती."
"मांगूर, लेका. बाबा मांगूरच म्हणायचे."
"दुखत मले होतं का तुले?"

पोरगी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.
"मंग?"

त्यानं गुडघ्यावरची गरम वीट जरा सरकवली.
पुढचं दोघांनाही येत होतं,
थोडं थोडं, वेगवेगळं.