स्पर्श करू नये

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ नाव.
होडी. नदी मात्र कुठे दिसत नाही.
रंगखात्यांनी तिला कधी निळं केलं, कधी लाल,
मग नगरपालिकेनं नळात घालून
वूचच्या रस्त्यांखाली पुरून टाकलं.

आई तिकिटाच्या खिडकीशी हुज्जत घालते :
सत्तावीस वर्षं या दारातून आत गेले,
उलट तेच मला पैसे द्यायचे.
पोरगी हसते. निम्मं तिकीट फाडते.

आत धूळ नाही.
हेच तिला आधी खटकतं.
विटा घासून गुलाबी केल्यात,
तापातून उठलेल्या मुलाला न्हाऊ घालावं तशा.
स्पीकरमधून गिरणीचा आवाज येतो
बेताचा, शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही एवढा.
"हा एकच ठेवलाय," ती मागाकडे बोट करते,
"आम्ही सहाशे होतो."
आम्ही म्हणजे माग की बाया,
मी विचारत नाही.

पाटीवर साल आहे, वजन आहे, मिनिटाचे फेरे आहेत.
धोटा डावीकडे अडखळायचा, ते नाही.
एकदा तो उडाला आणि गेनोव्हेफाचा पुढचा दात गेला,
तरी पाळी संपेपर्यंत ती हलली नाही,
कारण पगार मीटरवर होता, ते नाही.
हे सगळं आई ओरडून सांगते.
घरीही ती अशीच बोलायची.
लहानपणी मला वाटे, सतत रागावलेलीच आहे.

मग ती थांबते.
ताण्यात एक धागा तुटलाय.
मला दिसत नाही, रखवालदाराला दिसत नाही,
आणि हिला, जी दोन हिवाळे
सुई ओवायला माझ्याकडे देते,
हिला दोन हजार धाग्यांत तो दिसतो,
भरल्या बाकावर एकाची मोकळी जागा दिसावी तसा.

मखमली दोरीखालून ती वाकते.
घंटा ठणाणू लागते.
दोब्रोस्वाव नावाचा बिल्ला लावलेला पोरगा धावत येतो :
बाई, स्पर्श करू नये.
"एक मिनिट, बाळा."
धाग्याचं टोक जिभेला लावते, दोन बोटं फिरतात,
आणि गाठ बसते, खसखशीहून बारीक.
घंटा वाजतच असते.
"आता चालव," ती म्हणते.

चालवतात तीन वाजता. आत्ता दोन वीस.
आम्ही बाकावर बसून राहतो.
दोब्रोस्वाव लांबून नजर ठेवतो,
मग थोडा जवळून.

तीनला कुणीतरी बटण दाबतं
आणि खरा आवाज येतो, छातीत, दातांत.
आईचे ओठ हलू लागतात, आवाजाशिवाय,
मागापलीकडे, जिथे कुणी नाही, तिथे बघून.
ती मध्येच हसते. मान हलवते. पुन्हा काही विचारते.
ती भाषा मला कुणी शिकवली नाही.

बाहेर पडताना दुकान लागतं.
टॉवेल उचलून ती आधी उलटी बाजू पाहते.
इथेच विणलाय, विक्रेती सांगते.
"दिसतंय," आई म्हणते
आणि घडी मोडू न देता
परत ठेवून देते.