निळा टिकला तर

शिशीवर फक्त जी-सात.
आत गुडमारीची पानं, सावलीत वाळवून,
दळून, गाळून उरलेली हिरवट चिकटी.

नळीत स्टार्च, त्यात विकर, मग आयोडीनचा थेंब.
निळा उडाला तर साखर झाली.
टिकला, तर कुणीतरी वाट अडवली.
आज टिकला. तिन्ही नळ्यांत.
खिडकीशी धरून पाहत राहिले,
बाहेर सोलापूर बेचाळीस अंशांवर.

"मग दे की मला," अम्मा म्हणाली
तेंदूचं पान कापता कापता.
अंगठ्याची जखम गड्ड्याच्या जत्रेपासून भरत नाही.
तिला कसं सांगू, नळीला यकृत नसतं,
नळी हजार विड्या वळून
उपाशीपोटी कारखान्याच्या रांगेत उभी राहत नाही.
उंदरांचा अर्ज अजून समितीपुढे पडून.

तिनं कुंडीतलं ताजं पान खुडलं, चावलं,
जिभेवर चिमूटभर साखर टाकली.
"इसुका," म्हणाली. वाळू.
आणि हसली, दात हिरवे.

पानांशी तिची ओळख चाळीस वर्षांची, माझी चारच.
चव परतली तशी ती सुपाकडे वळली.
मी वहीत लिहिलं:
जी-सात. परत करून पाहणे.