बाऱ्हे, तालुका सुरगाणा

निवड झाल्याची मेल आली तेव्हा
मी सातपूरच्या खोलीत, पत्र्याखाली,
मानेवर ओला टॉवेल,
लॅपटॉपखाली स्टीलची ताटली उलटी घातलेली
आणि मे महिन्यातले दुपारचे अडीच.

अण्णा सेकंड शिफ्टला निघता निघता म्हणाले,
सॉफ्टवेअर फुकट वाटायचं,
मग तुला पैसे कोण देतंय?
मी सांगितलं ते त्यांना पटलं नाही.
मलाही नीट सांगता आलं नव्हतं.

काम म्हटलं तर एवढंच:
अक्षरं जोडणारी एक लायब्ररी,
फोनांत, छपाईयंत्रांत, कचेऱ्यांत
कुणाला न दिसता बसलेली.
तिला आपला एक र येत नव्हता.
पापणीसारखा वळणारा, पुढच्या अक्षराला टेकणारा,
तो ती उचलून सरळ डोक्यावर ठेवायची.
म्हणून मामाच्या सातबाऱ्यावर
गावाचं नाव बार्हे.
मामा म्हणे, असू दे, जमीन तर तीच आहे ना.

मार्गदर्शक सुनिव्हा.
उत्तर नॉर्वेतलं कुठलंसं बंदर,
जूनमध्ये तिथे सूर्य मावळायचंच विसरतो,
मी जागी तेव्हा तीही जागी.
पहिल्या कॉलवर मी चौदा वेळा येस मॅडम म्हणाले.
ती म्हणाली, मॅडम नको.
आणि येससुद्धा दर वेळी नको.

मग विचारलं तिनं,
एवढ्याशा रेघेनं बिघडतं काय?
मी वहीवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं:
दर्या.
दऱ्या.
पहिला तुझ्या खिडकीबाहेर आहे.
दुसऱ्या माझ्या मामाच्या घरामागे.
तुमची लायब्ररी त्याची गुरं
समुद्रात चरायला पाठवते.
ती इतकी हसली
की तिचं मांजर टेबलावरून पळालं.

तरी पॅच परत आला.
परत आला. परत.
इथे नाव स्पष्ट नाही, इथे नेपाळी मोडतंय,
आणि चाचणीसाठी शब्द कुठे आहेत? निदान शंभर दे.

आई मेथी निवडत सांगत गेली:
पायऱ्या, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, सुऱ्या,
चऱ्हाट, बिचाऱ्या,
नवऱ्याला. (हा खोडू का? नको, राहू दे.)
एक्काहत्तरावर मेथी संपली.
उरलेले एकोणतीस मी रात्री
पांडवलेणीच्या चढाची आठवण काढत जमवले.

सातव्यांदा परत आला त्या रात्री मी रडले.
अण्णा साडेबाराला आले,
नखांत ग्रीस, डब्यात अर्धी भाकरी तशीच.
लेथवर शिकत होतो तेव्हा, म्हणाले,
एका सुतासाठी मिस्त्रीनं माझा जॉब भंगारात फेकला.
का ते नाही सांगितलं. वर्षभर नाही.
तुझी बाई कारण सांगते का?
सांगते. पानभर लिहून सांगते.
मग जेव, म्हणाले. आणि दिवा घालव, डास येतात.

ऑगस्टमध्ये एकदाचा आत गेला.
तेरा ओळी.
खाली माझं नाव: हेमांगी खैरनार,
आणि सुनिव्हानं लिहिलेला एक शब्द, देवनागरीत,
कुठून तरी शिकून:
पायऱ्या.
बरोबर. पापणीसकट.

रविवारी आईबरोबर मामाकडे निघाले.
स्टँडवर गाडीच्या कपाळी पाटी, हातानं रंगवलेली:
नाशिक – बाऱ्हे.
र अगदी जसा हवा तसा,
शेपूट जरा लांब, पिवळा रंग ओघळलेला.
कोण पेंटर, त्याला कुणी कधी तपासलं,
किती वेळा पाटी परत केली, देव जाणे.
फोटो सुनिव्हाला पाठवला.
ती म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात याला घेऊ.

कंडक्टरनं यंत्राचं बटण दाबलं.
तिकीट आलं कुरकुरत: बार्हे.

अगं, आई म्हणाली, तू केलंस ना दुरुस्त?
मी सांगू लागले, आधी नवी आवृत्ती निघेल,
मग कंपन्या ती घेतील, मग कधीतरी ही यंत्रं...
तिनं तिकीट माझ्या हातातून घेतलं,
चार घड्या घालून बटव्यात ठेवलं.
राहू दे, म्हणाली,
पुढच्या वर्षीच्याशी ताडून बघू.