तीन आय

दुकान उघडायच्या आधी मी प्रेस तापत ठेवते.
एकशे साठ अंश, सतरा सेकंद दाब.
बाहेर, बंद गोदीच्या भिंतीला टेकून
सकाळी सातपासून रांग.

नाव तेरा अक्षरांचं.
मचेदलिश्विली. जॉर्जियाचा.
एका अक्षराला दीड पौंड, हे मी ठरवलेलं नाही.
एच दोन, एल दोन, आय तीन.
दहाच्या आत डब्यातले आय संपले.
ग्रेमथमध्ये आय कायमच कमी.
मग टीचं आडवं डोकं मी कात्रीनं उडवते,
खाली उरतो तो आय.
कुणाच्या लक्षात येत नाही,
आणि टी पडूनच असतात.

विल्फ हेस्केथ रांगेत मोठ्यानं वाचतो,
लंडनचा पेपर, पहिलं पान:
ग्रेमथनं लाज सोडली.
पाच कोटी ऐंशी लाख एका पायावर!
खाली चौकट. एवढ्या पैशात
किती दवाखाने, किती शाळा.

'दवाखाना?' ब्रॉनिया म्हणते,
ती प्रसूती विभागात होती, विभाग होता तोवर.
'आमचा बंद झाला तेव्हा चार ओळी आल्या होत्या,
आतल्या पानावर, कुत्र्यांच्या प्रदर्शनाखाली.'
रांग हसते. वाफ निघते तोंडांतून.

मला ओवेन स्टर्क आठवतो.
मासे कापणाऱ्या नेसाचा पोरगा, सतराव्या वर्षी विकला.
नेसानं त्या दिवशी पाळी बदलून घेतली नाही,
हॅडॉक कापत राहिली.
याच पेपरनं लिहिलं होतं: शहाणा क्लब,
अंथरूण पाहून पाय पसरणारा.
पाय आमचेच. अंथरुणाबाहेर आले
की कापून दक्षिणेला पाठवायचे.
त्याच्या नावाचे शर्ट लोक परत घेऊन आले,
काढून दे म्हणाले.
मी गरम हवेनं एकेक अक्षर सोडवलं.
अक्षर निघतं.
पण त्याच्याखालचं कापड उन्हात विटलेलं नसतं,
तेवढंच गडद राहतं.
पावसात भिजलं की अजून वाचता येतं: स्टर्क.

'ते सगळं खरं,' इफेयी म्हणतो, सोळा वर्षांचा,
हातात आजीनं दिलेली नोट,
'पण पैसा कुणाचा आहे?'

कुणीच बोलत नाही.
मालकाला आम्ही पाहिलेलं नाही.
कुठल्याशा बेटावरची कंपनी आहे,
नाव खोकल्याच्या औषधासारखं.
विल्फची एकतीस वर्षांची जागा
यंदा खांबाच्या मागं गेली, आणि महागलीसुद्धा.
तो पेपरची घडी घालतो, पुन्हा उलगडतो.
'खोटं नाही लिहिलेलं,' म्हणतो.
'खोटं असतं तर बरं झालं असतं.'

मग इफेयीच सांगतो, त्यानं शोधून काढलंय,
मचेदलिश्विली म्हणजे लोहाराचं पोर.
विल्फ मान वर करतो.
चोवीस वर्षं गोदीत रिव्हेट ठोकले त्यानं,
डाव्या कानानं ऐकू येत नाही.
'काय म्हणालास?'
'लोहाराचं पोर!'
'हं,' विल्फ म्हणतो,
आणि साडेएकोणीस पौंड मोजायला लागतो,
त्यातले चार पौंड सुट्टे.

बटर पेपर संपला.
गोंद पलीकडं उतरू नये म्हणून
शर्टाच्या आत काहीतरी घालावं लागतं.
मी हात पुढं केला, विल्फनं पहिलं पान दिलं.
सतरा सेकंद.
जळकट वास आला, शाईचा.

तेरा अक्षरं नीट बसली, शेवटचा आय किंचित तिरका.
शर्ट उलटा केला तर आतल्या बाजूला
मथळा उमटलेला, पुसट, उलटा,
पाठीला लागेल असा.
ओशाळले मी. म्हटलं, दुसरा देते.
'राहू दे.'
अरे, एका धुण्यात जाईल तो.
'धुणार कोण?' विल्फ म्हणाला,
शर्ट स्वेटरवरूनच चढवत,
'मे महिन्यापर्यंत तरी नाही.'

पुढचा गिऱ्हाईक. पुन्हा तीन आय.
मी कात्री घेतली.