सतरा पावलं

इर्या केंपाइनेनची पुस्तकं
आमच्या ग्रंथालयात दोन ठिकाणी लागतात.
खिडकीशी, सरोवराकडे तोंड करून, बायकांच्या कादंबऱ्या:
घटस्फोट, आईचं लांबलेलं दुखणं, विकायला काढलेलं घर,
मुखपृष्ठावर बहुतेक वेळा एक रिकामी खुर्ची.
आणि जिन्याखाली, जिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो,
आय. के. हाल्ला या नावाने
मिठाच्या राज्याचे सात जाडजूड खंड.
हाल्ला म्हणजे ऐन उन्हाळ्यात पडून
पीक जाळणारं दहिवर. तिनेच सांगितलं.

मधे सतरा पावलं. मोजलीत मी.
परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर घालून
वीस वर्षं तेवढंच चालतेय.

खिडकीवाल्या बायका जिन्याखाली वाकत नाहीत,
जिन्याखालची पोरं खिडकीकडे फिरकत नाहीत.
दलूथच्या चढावर ती दारापुढचं बर्फ उपसत असते
तेव्हा दोघंही तिच्या बाजूने जातात,
आणि कुणीच थांबत नाही.

एकदा वेलदोड्याचा पाव घेऊन आली. म्हणाली,
बायकांचं लिहिते ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
ते दुसरं तळघरात, भट्टीच्या शेजारी.
भट्टी धडाडली की ड्रॅगन आपला आपण येतो.
वर मात्र प्रत्येक वाक्य
पायपुसण्यावर पाय पुसून आत येतं.

तिच्या बहिणीचा, त्यूनेचा, संसार मोडला
त्यावर इर्याने खिडकीतली तिसरी कादंबरी लिहिली.
फार जपून लिहिली.
गाव बदललं, केस बदलले, नसलेली तीन मुलं दिली,
बर्फाचा नांगर चालवणाऱ्या नवऱ्याला दंतवैद्य केलं.
त्यूनेने दोन दिवसांत वाचून परत आणली:
"बरी आहे. दंतवैद्य मेला नालायक."
एवढंच.

मग या जानेवारीत, वादळाने बस बंद पडल्या त्या संध्याकाळी,
जिन्याखालच्या हीटरजवळची खुर्ची तेवढी मोकळी होती.
त्यूने तिथे बसली, हाताला लागला तो खंड उघडला. चौथा.
तो मी वाचलाय. त्यात
मीठ राखणारी एक बाई आहे,
सैन्य जेवून गेलं की ती रात्री दिवे मोजते
(पाहुणे गेले की चमचे मोजायची त्यांची आई).
तिची धाकटी मुलगी गोठलेल्या पाण्यावरून मदत मागायला जाते,
परत येते,
तर दाराला आतून कडी.
आत मोठी बहीण. जागी. ऐकतेय.

त्यूनेने चष्मा काढला, बाहीला पुसला, परत घातला.
मी बंद करायची घंटा दहा मिनिटं उशिरा वाजवली.
ती टेबलापाशी आली. हातमोजे उलटे घातलेले.
"हा हाल्ला कोण? कुठला?"
वाचकाचं आणि लेखकाचं गुपित ठेवणं
हा आमच्या नोकरीचाच भाग. म्हटलं, माहीत नाही.
"याला कसं कळलं," ती म्हणाली,
"मी सात वर्षांची होते.
मला वाटलं वारा दार वाजवतोय."
मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता,
"नाही. नव्हतं वाटलं."

पुस्तक तिने नावावर घेतलं.
मुदत संपून आता नऊ आठवडे झालेत.
दंडाची चिठ्ठी मी लिहिते, खिशात ठेवते, धुण्यात जाते.
इर्या येते, पाव आणते, काही विचारत नाही.
मीही नाही. कोण कुणाला भेटलं,
कोणाचं दार कोणी उघडलं,
हे माझ्या गाडीवरून दिसत नाही.

एवढंच झालं, की चौथ्या खंडाच्या रिकाम्या जागेत
पाचवा कलायला लागला,
म्हणून टेकू दिला, जवळ होती ती, खुर्चीवालीच कादंबरी.
परवा एक पोरगा ती घेऊन गेला,
दुसऱ्याच दिवशी टेबलावर आपटली:
"यात काहीच होत नाही!"

पण नव्वदाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.
आमच्याकडे त्याला दंड आहे.
मी तो बोटाने सरळ केला, आणि पुस्तक घेऊन
खिडकीकडे निघाले, अकरा पावलं गेले असेन,
आणि परत फिरले.