फुंकर मारू नका

अशी पाटीच लावलीय इरेनेउशने तळघराच्या दारावर,
लाल अक्षरांत, खाली सही ठोकून,
जणू वूच शहराच्या महापौरांचा हुकूम.

इथे पूर्वी सूतगिरणी होती.
आता वर वकिलांची कार्यालयं,
आणि खाली, गुरुवारी सातनंतर, आम्ही:
पाच माणसं, अकरा कन्सोल
आणि एक टीव्ही, इतका जड
की तो उतरवताना बोगुमिऊची कंबर धरली
ती अजून सोडत नाही.
सपाट टीव्ही का नाही आणत, नवखे विचारतात.
सपाट पडद्यावर आमच्या प्लास्टिकच्या बंदुकीला
काही दिसतच नाही, बाबा.
बदकं येतात, उडतात, निघून जातात, एकही पडत नाही.
बदकांच्या बाजूने पाहिलं तर प्रगतीच.

पण आजचं भांडण फुंकरीवरून.

इरेनेउश भिंग धरतो:
"साठ पिना. आणि हे हिरवं काय, माहितीय?
तांब्यावर चढलेली तुमची थुंकी,
साल एकोणीसशे त्र्याण्णव.
फुंकरीने कधीच काही होत नव्हतं.
कॅसेट काढली, परत खुपसली,
पिना जरा घासल्या गेल्या. संपलं."

भर पंगतीत कुणी देव नाही म्हणावं
तसे आम्ही आपापल्या हातांकडे बघत बसलो.

हाल्श्का मात्र पेटली.
"चौघी बहिणी आम्ही, कॅसेट एक.
वर लिहिलेलं एकशे अडुसष्ट खेळ;
खरे सात, बाकी तेच, ढग हिरवे करून.
धाकटीने फुंकलं तरच चालायची.
तिला गोवर निघाला तेव्हा
नऊ दिवस पेगासस बंद होता आमच्या घरी.
आणि तू म्हणतोस, पिना?"
"हात कुणाचाही चालला असता, हाल्श्का."
"मग चालला का नाही?"

कोपऱ्यात एकोणीस वर्षांचा वित
पिवळ्या पडलेल्या खोक्याला पेरॉक्साइड फासत होता.
हाल्श्का त्याच्यावरही घसरली:
राहू दे तो रंग, बापाच्या सिगारेटी आहेत त्यात.
वित हळूच म्हणाला, सिगारेट नाही, ब्रोमीन.
आज कुणाचं काहीच शिल्लक ठेवायचं नाही
असं ठरवूनच आले होते सगळे.

तेवढ्यात जिना उतरून एक म्हातारा आला,
एकेका पायरीला दम घेत.
नाव वावझिनेत्स. ओल्या टोपीत गुंडाळलेली
निळी कॅसेट, लेबल नसलेली.
"बायको खेळायची. ठोकळे रचायचा खेळ. बघा जमतं का."

स्पिरिट झालं, कापूस झाला, खोडरबर झाला,
एक पिन तर इरेनेउशने नव्याने डाख दिली.
पडदा राखाडी.
मग राखाडीच.

म्हाताऱ्याने पाटी वाचली आणि हसू आवरेना त्याला.
"बाऊतीच्या बाजारात लोखंडी खाट टाकून
मीच विकायचो ह्या. शेकड्याने.
दहातल्या तीन मुक्या निघायच्या.
गिऱ्हाईक परत आलं की सांगायचो:
फुंका. नीट फुंका. घरी जाऊन निवांत फुंका.
तोवर माझी शेवटची ट्राम यायची."

कुणी काही बोलेना.
हाल्श्काने तोंड उघडलं, मिटलं.
इरेनेउश, खरं तर जिंकलेला,
स्क्रूड्रायव्हरने उगाच टेबल खरवडत होता.

"पण घरी," म्हातारा टोपी पिळत म्हणाला,
"घरी मीही फुंकायचो.
ती म्हणायची, तुम्ही फुंकलंत की लागते."

कॅसेट त्या रात्री लागली नाही.
पुढच्या गुरुवारी पुन्हा बघू, बोगुमिऊ म्हणाला,
आणि कंबर धरून चहा ठेवायला उठला.

काचेच्या पेल्यांत चहा, हात न लावता येण्याजोगा.
आम्ही सहा जण पेल्यांवर वाकलो
आणि एकदमच थबकलो, पाटीकडे बघत.

कॅसेटपुरतीच आहे ती,
इरेनेउशने घसा खाकरून खुलासा केला.