चाकाचा दांडा

रकाना सात: वास्तूची सद्यस्थिती.
मी लिहिते, उत्तम. घडीव काळा दगड, चुन्याच्या दरजा,
एका चिऱ्यावर पाथरवटाची खूण,
कोंबडीच्या पायासारखी.
आत उभ्या खाचा, फळ्या सरकवायच्या.
फळ्या नाहीत.
एका खाचेत पिंगळ्यांची जोडी,
दुसरीत तंबाखूची रिकामी पुडी.

निफाडच्या खाली, दोन्ही अंगांनी ऊस,
मधे कालव्याची ही जुनी मोरी
परवापासून संरक्षित.
निळी पाटी आली. तारेचं कुंपण आलं.
चाकाला साखळी घालून कुलूप लावलं,
किल्ली नाशकात, त्र्यंबक रोडच्या कचेरीत,
कुठल्याशा खणात.
पाणी शेजारच्या सिमेंटच्या दारातून जातं,
इकडे बघतसुद्धा नाही.

कारभारी सांगळे कुंपणाबाहेर उकिडवे बसलेत.
एकतीस वर्षं पाटकरी.
"सहा आटे दिले का वरचं शिवार,
नऊ दिले का खालचं.
धावा कधी द्यायचा नाही, बाई."
का?
"धाव्याला गाव भांडतं."
मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता:
भात्तरच्या दुष्काळात दिला होता एकदा, रातचा.
खालच्या वस्तीवर बाळंतीण होती,
रांजणात थेंब नव्हता.
सकाळी साहेबानं चारीची ओल मोजली,
आठ दिवसांचा पगार कापला.
"ओल मोजता येती का हो?"
माझ्या फॉर्मात तसा रकाना नाही.

रकाना अकरा: मूळ सुटे भाग.
चाक फिरवायचा दांडा, बिडाचा, एक.
गवतात पाहिला, गाळात पाहिला.

चहाला त्यांच्या घरी गेले.
दारामागे, भिंतीत खुंटीसारखा रोवलेला,
सगळा तांबेरलेला, मुठीपाशी तेवढा चकचकीत.
त्याला नातीचं दप्तर.
मी बघितलं.
मी बघितलं, हे त्यांनी बघितलं.
चहात दूध जास्त होतं.

उन्हाळी आवर्तन सुटलं होतं त्या दिवशी,
घरामागून पाण्याचा आवाज येत होता,
आणि कारभारींचा उजवा हात मांडीवर
आपला आपणच फिरत होता.
मी मोजत बसले.
सात. आठ. नऊ.
तिथे थांबला.

अंगणातच पेन उघडलं,
अकरापुढे लिहिलं: गहाळ.
सही केली, तारीख घातली.
सिन्नर फाटा ओलांडल्यावर आठवलं,
पिंगळ्यांचं लिहायचं राहिलंच.